निळा भाग, सातवी रांग

चार वाजून तीन मिनिटांनी ऊन माझ्या डोळ्यांत आलं. झालं ते एवढंच. मी फुटबॉलच्या मैदानात, निळ्या भागात, सातव्या रांगेतल्या एकवीस नंबरच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर स्टिकरांची चळत होती, आणि समोरच्या छपरावरून ऊन असं आलं की मैदान, गोलाचे खांब, पलीकडच्या रिकाम्या खुर्च्या, सगळं एकदम पांढरं झालं. मी हात कपाळाशी धरला. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. ऊन दोन्हीकडे होतं. मग मी एक वेडगळ गोष्ट केली. मागे वळून बघितलं, ऊन पाठीवर पडलंय का ते तपासायला. मागच्या खुर्चीवर माझी सावली पडली होती, डोकं आणि खांदे, आणि तिच्याकडे बघून मला काहीही वाटलं नाही. वाटायला हवं होतं. गेले सात आठवडे मी फोनवरून लोकांना सांगत होते की निळ्या भागात ऊन पाठीवर येतं, दुपारच्या सामन्यांना अशी दुसरी जागा नाही, मी स्वतः तिथे बसले आहे. अडतीस जणांना सांगितलं. अडतीसही जणांनी वर्षाचा पास घेतला. मोसमातला पहिला सामना परवा, शनिवारी, चार वाजता होता.

पुन्हा सांगते. (सावकाश सांगा. ग्राहकाला घाई वाटू देऊ नका.) मी क्लबच्या विक्री विभागात तीन महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून लागले होते. आम्ही दोघं शिकाऊ, आणि कायमची जागा एकच. दुसरा होता टेप. कागदावरचं एका सुरात, न थांबता वाचायचा म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं हे नाव पडलं, आणि त्यालाही ते आवडलं असावं, कारण फोन ठेवला की तो स्वतःच ‘खट्’ असा आवाज काढायचा. आमची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात होती. छत तिरकं, खिडकी नाही, दिवसभर ट्यूबलाइट. भिंतीकडच्या खुर्चीवरून उठताना मान वाकवावी लागायची. डोक्यावर हजारो खुर्च्या होत्या आणि आम्ही त्यांच्याखाली बसून त्याच विकत होतो. वर नवीन हिरवळ लावत होते, त्यामुळे वर जायला बंदी. नऊ आठवडे मी मैदान पाहिलं नाही. पाहिला तो टेबलासमोरचा नकाशा. मधोमध हिरवा चौकोन, चार बाजूंना चार रंग. निळा डावीकडे. मी रोज फाटकातून आत यायचे, म्हणून नकाशाची खालची कड म्हणजे फाटक, असं मी धरून चालले. सकाळी आत येताना ऊन उजव्या गालावर असायचं, म्हणजे दुपारी ते डावीकडून, निळ्या भागाच्या मागून येणार. हे गणित मी दोन सेकंदांत केलं होतं, फोन कानाला असताना.

त्याआधीचे बारा दिवस माझ्याकडून एकही पास गेला नव्हता. आम्हाला बोलण्याचा कागद दिला होता, त्यात बोलायची वाक्यं काळ्या शाईत आणि कंसात सूचना. (इथे थांबा.) (इथे ग्राहकाचं नाव घ्या.) (हसा. हसणं फोनवर ऐकू येतं.) माझ्या बाबतीत कंसातलं सगळं व्हायचं, बाहेरचं काही व्हायचं नाही. मी थांबायचे. हसायचेसुद्धा. पलीकडून “हॅलो? हॅलो, कोण? अहो, कुणी बोलतंय का?” असं यायचं, आणि मी त्या माणसाचा श्वास ऐकत राहायचे, तो फोन ठेवेपर्यंत. आमचा साहेब हे सगळं दुसऱ्या हेडसेटवरून ऐकायचा. त्याला सगळे कप्तान म्हणायचे. तो कधीच कप्तान नव्हता. अकरा मोसम राखीव गोलरक्षक होता, एकाही सामन्यात उतरला नव्हता, आणि बाकावर बसून बसून त्याला एक सवय लागली होती, कुणीही बोलत असलं की तो आपल्या गुडघ्यांकडे बघायचा. तो म्हणाला, “तुझं मौन फार दमदार आहे गं. पण ते विकायला आपल्याकडे सध्या पाकीट नाही.” टेप हसला. मीही हसले. (हसणं ऐकू येतं.)

घरी माझं बोलणं लहानपणापासून ताईकडे होतं. दुकानात ताई सांगायची, तिला पेन्सिल हवीय. शाळेत ताई सांगायची, तिचं पोट दुखतंय. पाहुण्यांनी मला नाव विचारलं तर ताई सांगायची, आणि पाहुणे तिच्याकडे बघून मला म्हणायचे, वा, छान नाव आहे. मी नऊ वर्षांची असताना माझा कान ठणकायला लागला. आई औषधाच्या दुकानात कामाला, तिला सुट्टी नाही, म्हणून ताई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, कुठला? ताई म्हणाली, उजवा. डावा होता. ती खोटं बोलत नव्हती. मी हात ज्या बाजूला धरला होता ती तिच्या समोरून उजवी होती. पण तिने ते इतक्या ठामपणे म्हटलं, की क्षणभर मलाच वाटलं, उजवा असेल. पाच दिवस रोज रात्री आईने माझ्या उजव्या कानात औषध घातलं. थेंब आत जाताना गार लागायचा. दुसरा कान उशीत दाबून मी पडून राहायचे. कुणालाही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटेना. पाचव्या दिवशी डावा कान वाहायला लागला, तेव्हा आईने ताईला एक लगावली आणि मला विचारलं, “तू दगड आहेस का गं?” मी विचार करायला लागले, आहे का.

तेराव्या दिवशी मी एका बाईंना फोन लावला. आवाज सावकाश, मागे कुकरची शिट्टी. त्यांना पास वडिलांसाठी हवा होता. वडील निवृत्त बसचालक, पस्तीस वर्षं शाळेच्या बसवर होते, क्लबचे जुने चाहते. मी कागदावरची पहिली तीन वाक्यं म्हटली. मग त्यांनी कागदावर नसलेलं विचारलं.

“निळ्या भागात दुपारी ऊन कुठून येतं हो?”

मी थांबले.

“बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. समोरून ऊन अजिबात नको म्हणालेत डॉक्टर. आणि ते सांगत नाहीत ना. त्रास झाला तरी म्हणतील, छान चाललंय. नुसते बसून राहतील. म्हणून मलाच विचारावं लागतं.”

मी नकाशाकडे बघितलं. दोन सेकंद. “पाठीवर,” मी म्हणाले.

“नक्की ना?”

“मी स्वतः बसले आहे तिथे.”

हे वाक्य मी तयार केलं नव्हतं. ते आलं. इतकं गुळगुळीत आलं की आवाज माझ्या तोंडातून निघतोय की टेपच्या, हे बघायला मी मान वळवली. टेप पाणी पीत होता. बाईंनी सातवी रांग, एकवीस नंबर घेतला. शेजारचा बावीस स्वतःसाठी घेतला असता, पण त्यांची शनिवारी ड्यूटी असायची. फोन ठेवल्यावर कप्तानने आपला हेडसेट काढला आणि गुडघ्यांकडे बघत म्हणाला, “हे कुठे लपवून ठेवलं होतंस?” मग उठून त्याने पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ऊन पाठीवर. मी स्वतः बसलो/बसले आहे. दुपारपर्यंत टेपही तेच म्हणत होता, एका सुरात.

दाताच्या डॉक्टरने भूल दिली की ओठ आपलाच असतो आणि आपला नसतो. तसं झालं. त्या दिवसापासून मला बोलता यायला लागलं. फोन उचलला की जबडा बधिर व्हायचा, आणि त्या बधिरपणातून आवाज नीट, उबदार, न अडखळता निघायचा. मी लोकांना सांगायचे, हिरवळ ओली असते तेव्हा वास कसा वर येतो. सांगायचे की सातव्या रांगेतून खेळाडू एकमेकांना शिव्या देतात त्यासुद्धा ऐकू येतात. लोक हसायचे. एक जण म्हणाला, तुम्ही बोलत राहा, पास काय, घेऊन टाकतो. आरशात बघून बोला असं कागदावर होतं, म्हणून टेबलावर एक छोटा आरसा होता. त्यात हसणारी बाई मला ओळखीची वाटायची, कुठेतरी काउंटरपलीकडे पाहिलेली. दुकानात मी आता स्वतः मागत होते. रिक्षावाल्याशी घासाघीस केली. आई म्हणाली, “आधी तुझ्या तोंडातून शब्द काढायला पकड लागायची, आता कुलूप लावायची वेळ आलीये.” लग्न होऊन दूर गेलेल्या ताईचा रविवारी फोन यायचा. “काय गं बाई, या आठवड्यात किती मासे लागले गळाला?” मी सांगायचे चार, सांगायचे सात. ती म्हणायची, “बघ, मी म्हणत नव्हते? तुझ्यात आहे म्हणून.” ती असं कधीच म्हणाली नव्हती. पण तिने ते इतक्या ठामपणे म्हटलं की मला वाटलं, म्हणाली असेल.

आनंद झाला का? (इथे हसा.) टार्गेट चाळीसचं होतं आणि टेप चोवीसवर अडकला होता. उद्या, शुक्रवारी, दोघांतल्या एकाचं नाव वर जाणार होतं, आणि ते कुणाचं हे खोलीतल्या ट्यूबलाइटलाही माहीत होतं. म्हणून आज दुपारी कप्तान मला म्हणाला, वर जा, तुझ्या पासवाल्यांच्या खुर्च्यांवर त्यांच्या नावाचे स्टिकर लाव, विकणाऱ्याने एकदा तरी आपल्या डोळ्यांनी वास्तू बघावी. मी स्टिकर घेतले, भिंतीवरच्या निळ्या बाणांच्या मागोमाग गेले, दोन बोळ, एक जिना, पुन्हा बोळ, दिशा कुठली ते कळलंच नाही. बाहेर आले तेव्हा उजेडाने काही दिसेना. पहिला स्टिकर बसचालकांचा होता. मुलीने सांगितलं होतं तसं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तो मी खुर्चीच्या पाठीवर लावला, अंगठ्याने बुडबुडे काढले, आणि जरा बसून बघावं म्हणून बसले.

“ए बाई, तिथे नको बसू!” खालून आवाज आला. खुर्च्या पुसणाऱ्या मावशी पहिल्या रांगेशी उभ्या होत्या, टोपीचा पुढचा भाग नाकापर्यंत ओढलेला, हातात बादली. “भट्टी आहे ती. निळा मी सकाळी दहाच्या आत उरकते. आज पाणीच उशिरा आलं म्हणून मेले.”

“रोज असंच असतं?”

“सूर्य काय रोज बदलून येतो?” त्या म्हणाल्या आणि पुढची खुर्ची पुसायला लागल्या.

मी उठले नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते रडणं नव्हतं. डोळे आपलं काम करत होते, मला न विचारता. मी बंद केले तर पापण्यांच्या आत सगळं लाल. मी एक माणूस बसवून बघितला इथे, साठ-पासष्टचा, इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर. पस्तीस वर्षं समोरच्या काचेतून ऊन झेललेला. तो हात वर करत नाही. रुमाल काढत नाही, कारण रुमाल काढला तर शेजारचा विचारेल. घरी गेल्यावर मुलगी विचारेल, कसं होतं बाबा? आणि बाबा म्हणतील, छान. पुढच्या शनिवारी पुन्हा. मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही, पण तो कसा बसेल हे मला त्याच्या मुलीपेक्षा नीट माहीत होतं. गार थेंब कुठल्या कानात पडतो आणि कुठला कान ठणकत राहतो, आणि मधे ते सांगायला एवढुसं...

“ऊन खात बसलीस?” कप्तान बोळाच्या तोंडाशी, सावलीच्या कडेला उभा होता. “टेपने खाली दोन विकले. आणि तू इथे स्वतःच प्रेक्षक झालीस.”

“इथे ऊन डोळ्यांवर येतं.”

“येणारच. निळा आहे हा.”

“नकाशात निळा डावीकडे आहे.”

“डावीकडेच आहे की.” त्याने हात लांब करून मैदानाच्या दूरच्या टोकाचा बोगदा दाखवला. “खेळाडू तिथून बाहेर येतो. त्याच्या डाव्या हाताला निळा. तो नकाशा मीच काढून घेतला.”

“आम्ही फाटकातून येतो.”

तो फाटकाकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत माणसं तिकडूनही येतात हे त्याच्या डोक्यात आलं नसावं. “हं,” तो म्हणाला.

“पण निळ्यात ऊन समोरून येतं हे तुम्हाला माहीत होतं. फळ्यावर तुम्हीच लिहिलंत.”

“विकलं जात होतं.” तो गुडघ्यांकडे बघायला लागला. “हे बघ. मी अकरा वर्षं त्या समोरच्या सावलीत बसून काढली आणि हा निळा बघितला. लोक दोन सामने कुरकुर करतात, मग टोप्या आणतात. आवाज मिळालाय तुला, नऊ आठवड्यांत. माणसाला आयुष्यभर मिळत नाही. उद्या तुझंच नाव आहे. स्टिकर लाव आणि खाली ये.”

“एकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यांना हे ऊन चालायचं नाही.”

“मग ते पास परत करतील.”

“ते सांगणार नाहीत.”

“तुला काय माहीत?”

मला माहीत होतं. मी फोन काढला. तो म्हणाला, “एकाला लावलास की अडतीस जणांना लावावा लागेल.” मी म्हणाले, हो. तो म्हणाला, “मग उद्याचं मला काही सांगता येणार नाही.” मी म्हणाले, बरं.  तो म्हणाला, “हेडसेट टेपकडे देतो,” आणि बोळात वळला. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी ऐकला. भीती वाटायची मी वाट बघत होते. जबडा तेवढाच बधिर होता.

बाईंनी तिसऱ्या रिंगला फोन उचलला. (नमस्कार म्हणा. ग्राहकाची चौकशी करा. हवामानाबद्दल एखादं वाक्य.)

“मी क्लबमधून बोलतेय. तुमच्या वडिलांच्या जागेवर ऊन समोरून येतं. डोळ्यांवर. मी पाठीवर म्हणाले होते, ते चूक होतं.”

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज.

“पण तुम्ही म्हणालात तुम्ही स्वतः बसला होता.”

“नव्हते बसले.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. हे मौन मला चांगलं ओळखीचं होतं, फक्त या वेळी ते दुसऱ्या टोकाला होतं. मी फोन ठेवला नाही.

“बाबांनी शनिवारचा शर्टसुद्धा काढून ठेवलाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “किती वेळ असतं ऊन?”

“मला माहीत नाही.”

“तुमचंच मैदान ना?”

“हो. मी इथे बसते आणि बघून सांगते.”

मी बसले. काही घडलं नाही. मैदानावर पलीकडच्या छपराची सावली होती, एका सरळ रेषेत, आणि ती हलत नव्हती. टक लावून बघितलं की हलत नव्हती, डोळे मिटून उघडले की थोडी पुढे आलेली असायची. मावशी पाचव्या रांगेपर्यंत आल्या. म्हणाल्या, “सातवीला सव्वापाच होतात सावली यायला. कशाला भाजून घेतेस? माझ्यावर भरवसा नाही होय?” मी म्हणाले, आहे, पण मला बसून बघायचंय. “शिकलेली माणसं,” त्या कुणाला तरी म्हणाल्या, बहुतेक बादलीला. माझ्या शेजारची खुर्ची पुसून त्या पुढे गेल्या. पावणेपाच. पाच. डोकं दुखायला लागलं, डाव्या भुवईच्या वर. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला, तो मी पुसला नाही, मग पुसला. उद्या आईला काय सांगायचं याचा विचार करून बघितला. वाक्यं तयार होती, एकाहून एक गुळगुळीत, आणि ती सगळी ताईची होती. सावली बाजूची पांढरी रेघ ओलांडून आली. पहिली रांग गेली. दुसरी. पाच वाजून अठरा मिनिटांनी ती माझ्या बुटांवर आली, मग गुडघ्यांवर, मग छातीवर, आणि गार वाटलं. मग डोळ्यांसमोर समोरच्या खुर्च्या आपापल्या जागी परत आल्या, एकेक, नंबरांसकट.

“पाच वाजून बावीस मिनिटं,” मी बाईंना सांगितलं. “पायांशी अठराला येते, डोळ्यांपर्यंत यायला बावीस होतात. त्याआधी सव्वा तास थेट समोरून. मी हात धरून बघितला, मान वळवून बघितली. उपयोग होत नाही.”

“मी बाबांना विचारलं,” त्या म्हणाल्या. “ते म्हणतात, चालेल मला.”

“त्यांचं ऐकू नका.”

त्या हसल्या नाहीत, पण श्वास वेगळा आला. “नाही ऐकणार,” त्या म्हणाल्या. “सावलीत दुसरी जागा?”

“ते भाग सगळे गेलेत. पास रद्द करते. पैसे पंधरा दिवसांत येतील. नाही आले तर या नंबरवर करू नका, मी बहुधा नसेन. कार्यालयात या आणि कप्तान कुठेत म्हणून विचारा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. आभार मानले नाहीत. रागावल्याही नाहीत. मागे टीव्ही चालू होता आणि एक म्हातारा आवाज काहीतरी विचारत होता, कुणाचा फोन, असं असेल. त्या त्याला म्हणाल्या, “काही नाही बाबा, चुकीचा नंबर,” आणि फोन बंद झाला.

म्हणजे पास रद्द झाला हे बाबांना सांगितलं जाणार नव्हतं, निदान आत्ता तरी.  मग मी यादीतला दुसरा नंबर लावला. हा खाणावळवाला होता, बारावी रांग, मला बोलत राहा म्हणाला होता तोच. त्याच्या मागे भांड्यांचा कल्लोळ.

“हां, बोला, बोला!”

“तुमच्या जागेवर चारपासून ऊन समोरून येतं,” मी म्हणाले. “बाराव्या रांगेला सावली साडेपाचच्या पुढेच येईल, अजून बघायचंय. मी आधी चुकीचं सांगितलं होतं.”

“एवढंच? टोपी घालू मग!” तो भांड्यांवरून ओरडला. “अजून काही?”

“नाही. पास रद्द करायचा असेल तर होईल.”

“कशाला रद्द? अहो, मग फोन कशाला केलात?”

मी तोंड उघडलं. कंसात काही नव्हतं.

“सांगायला,” मी म्हणाले.

त्याने फोन ठेवला. मी उठून पाच रांगा वर गेले, बाराव्या रांगेत, जिथे अजून ऊन होतं, आणि खुर्चीवर बसून तिसरा नंबर लावला.